पायवाट क्रमांक तीन बंद आहे

बोर्ड मीच रंगवला. पांढरा पत्रा, निळा रंग.
'बंद'वरचा अनुस्वार ओघळून खाली आला,
तसाच राहू दिला.
कारण लिहायला जागा उरली नाही.

सकाळी साडेपाचला फाटकाशी रांग:
नवे गुडघे घातलेले सेवानिवृत्त,
मुंग्यांना साखर टाकणाऱ्या बाई,
मोराला बिस्किटं चारणारे,
आणि "टेकडी काय तुमच्या डिपार्टमेंटची आहे का हो?"
असं अगदी शांतपणे, जोडे न थांबवता विचारणारे.
मी म्हणते, नाही.
टिटवीचीही नाही.
फक्त तिनं अंडी वाटेच्या मधोमध घातलीत.

हिरवं दिसलं की रान, असं शहराला वाटतं.
माळ पिवळा पडला की कुलसचिवांचा फोन येतो.
पाच जूनला टेम्पो: पाचशे रोपं, एक फलक, सोळा फोटो.
आम्ही हसून उतरवून घेतो
आणि अंधार पडल्यावर
वसतिगृहांच्या मागे नेऊन लावतो,
गवताला कळू न देता.

गेल्या भाद्रपदात दोरी टाकून मोजलं.
उघड्या माळावर, एका चौरस मीटरात
अकरा जातींची गवतं, एक कंदीलपुष्प,
नाव न सापडलेला एक कोळी.
उंदीरमारीच्या सावलीत
उंदीरमारीची रोपं.

मरळमामांनी ती शहाऐंशी साली लावली, रोजंदारीवर.
आता तेच तोडतात.
"लावायचे सहा रुपये मिळाले, तोडायचे साडेचारशे.
झाड तेच आहे, मॅडम.
सरकार शहाणं झालं."
आणि कोयता दगडावर घासत बसतात,
पाणी टाकून, घाई न करता.

तोडायच्या झाडांना पिवळा पट्टा.
दोनशे बाराव्या झाडाशी
खरवंडीकर उभे होते, कानटोपी हातात.
"हे कालिंदीचं आहे.
ती गेली त्या वर्षी लावलं.
नर्सरीवाला गिरिपुष्प म्हणाला.
नाव बरं वाटलं."

माझ्याजवळ तक्ता होता, नकाशा होता,
समितीचा ठराव होता, सह्यांसकट.
मी काहीच काढलं नाही.
मरळमामा बोलून गेले, "साहेब, ही उंदीरमारी."

खरवंडीकरांनी वर पाहिलं,
उरलेल्या गुलाबी फुलांकडे, बराच वेळ.
मग त्यांना हसू आलं,
इतकं, की खोडाला धरावं लागलं.
"ती उंदरांना फार भ्यायची हो."

तेव्हापासून ते येतात
शेंगा फुटायच्या आत,
बांबूला आकडी बांधून, पाठीला पट्टा लावून.
एकेक शेंग ओढतात, मोजतात,
उशीच्या जुन्या अभ्र्यात भरून माझ्या टेबलावर ठेवतात.
मी लिहिते: झाड क्र. २१२, शेंगा ३४०, जाळल्या.
'शेरा' या रकान्यात
समितीला चालेल असं वाक्य
मला अजून सुचलेलं नाही.
माझं कंत्राट अकरा महिन्यांचं.
झाडाचं किती, ते वहीत नाही.
ते येईनासे झाले की पट्टा लागेल,
हे त्यांना माहीत आहे.
मला विचारत नाहीत.

परवा बोर्डाखाली कुणीतरी खडूनं लिहिलं: का?
खिशात खडू होता. मी लिहिलं:
चार अंडी.

काल पाहिलं तर 'चार' खोडलेलं,
वर बारीक, शाळेतल्या वळणाच्या अक्षरात
'तीन'.

म्हणजे कुणीतरी आत गेलं होतं.
म्हणजे कुणीतरी मोजली होती.

वहीत मी दोन्ही लिहिलं,
एकाच ओळीत.